तिसऱ्या यादीतला शब्द

"तिनं पुस्तिकेतला शब्द वापरलाय, मॅडम," असे शाळेतून आलेल्या फोनवरचा तरुण आवाज म्हणाला, आणि क्षणभर बाईंना वाटले की कुणीतरी त्यांचे अभिनंदन करते आहे. शब्द वापरला जाणे ही त्यांच्या व्यवसायात आनंदाची वार्ता असते. कोशात निजलेल्या हजारो शब्दांपैकी एखादा उठून चालू लागला, कुणाच्या तोंडी बसला, की कोशकाराला आपले पोर रांगताना पाहिल्याचा आनंद होतो. त्या वेळी बाई 'वाट' या नोंदीत अडकलेल्या होत्या : वाट पाहणे, वाट चुकणे, वाट लावणे, वाट लागणे, वाटेस जाणे. 'वाट लागणे' हा प्रयोग शिष्ट मानावा की अशिष्ट, यावरून पलीकडच्या टेबलावरचे दोन सहायक सकाळपासून एकमेकांची वाट लावत होते. "कोणता शब्द?" बाईंनी विचारले. आवाज खाली आला. "तिसऱ्या यादीतला. आत्ता मला उच्चारता येणार नाही. मुलगी समोर बसलीये, आणि तिच्यासमोर तो परत उच्चारायचा नाही असं पुस्तिकेतच आहे ना. तुम्ही या. पालकांनी तासाभरात यायचं असतं." मग जरा थांबून, नापास झालेल्याला गुण सांगावेत तशा मऊ सुरात : "भाची तशी बरी आहे तुमची. पण शब्द वापरलाय तिनं."

"काय हो बाई, काय केलं मुंगीनं?" थोरल्या सहायकाने विचारले. आई दुसऱ्या शहरात नोकरीला असल्यामुळे दोन वर्षांपासून मावशीकडे राहणाऱ्या या मुलीला सारे कोशमंडळ मुंगी म्हणूनच ओळखत असे. लहानपणी ती भिंतीला चिकटून एका रेषेत चालायची, म्हणून तिच्या आईने, म्हणजे बाईंच्या ताईने, ठेवलेले ते नाव. चौदा वर्षांची झाली तरी ते सुटले नव्हते, आणि भिंतही.

"शब्द वापरला," बाई पर्स शोधत म्हणाल्या.

"शिवी दिली?"

"नाही."

"अरेरे. दिली असती तर निदान नोंद करता आली असती."

धाकटा सहायक हसला. बाईही हसल्या असत्या, पण चष्म्याची डबी उघडताना आपली बोटे थंड पडली आहेत असे त्यांच्या ध्यानात आले. ध्यानात आलेल्या गोष्टीला नाव देण्याची पंचवीस वर्षांची सवय त्यांनी तेवढ्यापुरती आवरली आणि त्या जिना उतरल्या.

बसमध्ये जागा मिळाली ती मागे तोंड करून बसण्याची, त्यामुळे शहर त्यांच्याकडे येण्याऐवजी त्यांच्यापासून निघून जात होते : औषधांची दुकाने, किल्ल्या घासून देणारा, बंद पडलेल्या चित्रगृहाची जाहिरातीची रिकामी चौकट. त्यांना समितीची खोली आठवली. शालेय विद्यार्थी मनःस्वास्थ्य मार्गदर्शिका समिती. नावातच इतके समास दबा धरून बसलेले होते की आत जायला भीती वाटावी. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, अध्यक्षस्थानी एक निवृत्त मनोविकारतज्ज्ञ, ज्यांना कुणीही बोलू लागले की डोळे मिटून मान हलवण्याची सवय होती. त्यांच्या डावीकडे एक निवृत्त शिक्षणाधिकारी. उजवीकडे एक तरुण चित्रकार, ज्याने हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे काढून आणले होते आणि त्या पाचांत मनुष्यजात संपली असे समजून तो निवांत झाला होता. बाईंना बोलावले होते ते भाषा तपासण्यासाठी, म्हणजे झालेल्या लग्नात अक्षता टाकण्यासाठी. मसुद्यात 'भावनिक विचलन' होते, 'समायोजनक्षमतेचा ऱ्हास' होता, 'स्वप्रतिमेचे अवमूल्यन' होते. ज्यांना आपण भेटणारच नाही अशा मुलांसाठी शब्द घडवण्याचे हे काम ती सज्जन माणसे अत्यंत मनापासून करत होती, आणि बाईंचा संताप त्या सज्जनपणावरच होता. दुर्जन माणूस निदान मुलाकडे बघून तरी त्याला दुखवतो. "कोणतं मूल वर्गात उभं राहून म्हणतं, सर, माझं भावनिक विचलन होतंय?" बाईंनी विचारले होते. "मग काय म्हणतं?" शिक्षणाधिकाऱ्यांनी विचारले. "कसंतरी होतंय म्हणतं." शिक्षणाधिकारी खुर्चीत मागे रेलले. "अहो, कसंतरी म्हणजे काम उरकणं. आमच्या खात्यात फार थोर परंपरा आहे त्याची." सगळे हसले. मग 'कसेतरी' लिहायचे की 'कसंतरी', यावर लांबलचक वाद झाला. त्या वादात बाई अशा काही तळपल्या की अध्यक्षांनी डोळे उघडले. ज्याला आपल्याला काय होते आहे हे कळत नाही, त्याला ते न कळणेही सांगता आले पाहिजे, असे त्या म्हणाल्या. हा शब्द कुणावर आरोप करत नाही, कारण देत नाही, उपाय मागत नाही, ऐकणाऱ्याने जरा सरकून जागा द्यावी एवढेच मागतो. तुम्ही मुलांना नवे शब्द शिकवायला निघाला आहात, आधी त्यांचा एक तरी शिकून घ्या. बोलताना आपल्या आवाजात एक कंप आला आहे हे त्यांना जाणवले होते आणि तो विद्वत्तेचा आहे असा सर्वांचा समज होईल अशी त्यांनी काळजी घेतली होती. "घ्या बाईंचा शब्द एकदाचा," अध्यक्ष म्हणाले होते, "नाहीतर आपलं जेवण कसंतरीच होणार आज." शब्द घेतला गेला. पुस्तिकेच्या तिसऱ्या यादीत, म्हणजे मुलाने उच्चारताच शाळेने दखल घ्यावी अशा शब्दांत, ठळक अक्षरांत, अनुस्वारासह.

कंप विद्वत्तेचा नव्हता. तो ताईचा होता. तेराव्या वर्षी ताई एक अख्खे वर्ष, सकाळी वेणी घालून घेताना, आरशाकडे पाठ करून म्हणत असे, "आई, मला कसंतरी होतंय." वडील वर्तमानपत्राआडून म्हणत, "झाली का नाटकं सुरू?" आई काहीच विचारत नसे. वेणी अर्धवट ठेवून म्हणे, "बस जरा." ताई बसे. आईच्या हातातला केसांचा पेड तसाच धरलेला असे. मग काही वेळाने ताई स्वतःच म्हणे, "घाल." शाळेत एक वयस्कर शिक्षिका होत्या. त्या वर्गात फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणत, "जा, पाणी पिऊन ये." एवढेच. बाईंनी पुढे आयुष्यभर जे वाचले, मनाविषयी, दुःखाविषयी, भाषेच्या असमर्थतेविषयी, देशोदेशींच्या पंडितांनी रात्री जागून लिहिलेले, त्या सगळ्यात या दोन वाक्यांहून फार पुढे गेलेले त्यांना काही आढळले नाही. त्या वाक्यांनी ताई बरी झाली असेही नाही. ती वाक्ये कुणाला बरे करण्यासाठी नव्हतीच. पाणी पिऊन ताई परत येत असे, इतकेच. मग त्या शिक्षिका निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी एक हुशार, तरुण, मुलांमध्ये रस घेणारे शिक्षक आले. ते खडू खाली ठेवून म्हणाले, "कसंतरी म्हणजे नक्की कसं? आधी नीट ठरव, मग हात वर कर." ताईने ठरवले. तिने पुन्हा कधीच हात वर केला नाही. आता ती दूरच्या शहरात एका मोठ्या कचेरीत हाताखाली पुष्कळ माणसे घेऊन काम करते आणि दररोज न चुकता निरोप पाठवते : 'इकडे सगळं ठीक.' 'ठीक' या शब्दाची नोंद बाईंनी स्वतः केली आहे. ती फार लहान आहे.

शाळेच्या दारात एक नवा रंगीत फलक होता : 'बोला! आम्ही ऐकत आहोत.' त्याच्याच बाजूला, जुन्या पत्र्यावर, 'शांतता राखा'. दोन्ही आज्ञा एकाच भिंतीला ठोकलेल्या होत्या आणि भिंतीची त्याबद्दल काही तक्रार दिसत नव्हती. खिडकीमागच्या कारकून बाईने विचारले, "नातं?"

"मावशी."

"आई नाही?"

"आहे. परगावी असते."

"अहो, मग मावशी म्हणजे आईच की!" असे म्हणून तिने 'इतर' या चौकटीत खूण केली आणि गळ्यात अडकवायची पट्टी दिली. बाई लांब मार्गिकेतून चालू लागल्या. दोन्ही बाजूंच्या वर्गांतून शिकवण्याचे आवाज येत होते. बंद दारांमागून ते सगळे एकाच विषयाचे वाटत होते. भिंतीवर चित्रकाराचे पाच चेहरे थोड्याथोड्या अंतराने लावलेले होते, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मधल्या चेहऱ्याला मिशा काढलेल्या होत्या. त्या मिशा पाहून बाईंना या इमारतीत पहिल्यांदाच जरा मोकळे वाटले.

समुपदेशन कक्ष ही पूर्वी नकाशांची खोली होती. गुंडाळलेले नकाशे अजूनही कोपऱ्यात उभे होते, खंडांची नावे खाली डोके करून. समुपदेशिका पंचविशीची असेल. फोनवरचा आवाज तिचाच होता. मुले तिला हंहं-ताई म्हणत हे मुंगीने घरी सांगितले होते, कारण मूल बोलत असताना ती दर वाक्याला "हं... हं..." करत असे. तिच्याकडे अशा तीन शाळा होत्या. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते, आणि टेबलावर अर्धवट खाल्लेले बिस्कीट होते, जे तिने बाईंना पाहताच रुमालाखाली सरकवले. खुर्चीत मुंगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, आगगाडीची वाट पाहणाऱ्या माणसासारखी. तिने मावशीकडे पाहिले आणि मग दप्तराच्या पट्ट्याकडे.

"विज्ञानाचा तास चालू होता," समुपदेशिका म्हणाली. "तिनं बाहेर जायची परवानगी मागितली. सरांनी विचारलं, कशाला? तर तिनं... तो शब्द. मग सरांनी नियमाप्रमाणे तास थांबवला. नियमाप्रमाणे मुलाला एकटं सोडायचं नसतं. मला बोलावलं, दप्तर भरलं, आणि आता नियमाप्रमाणे..."

"नियमाप्रमाणे काय?"

"घरी. तीन आठवडे निरीक्षण. मग प्रमाणपत्र आणायचं की आता तसं होत नाही. मगच वर्गात. दुसऱ्या एका शाळेत काहीतरी झालं ना मागच्या वर्षी, तेव्हापासून फार कडक केलंय. मॅडम, हे मी तुम्हाला काय सांगायचं? पुस्तिका तुमचीच आहे. प्रशिक्षणात आम्हाला तुमचा परिच्छेद पाठ करायला लावला होता. 'हा शब्द ऐकणाऱ्याने जरा सरकून जागा द्यावी एवढेच मागतो.' फार आवडलं होतं मला ते."

एवढ्यात तिचा फोन वाजला. दुसऱ्या शाळेतही कुणीतरी काहीतरी म्हटले असावे. ती "हं... हं..." करत बाहेर गेली आणि काचेच्या दारापलीकडे, दोघींवर एक डोळा ठेवून, उभी राहिली.

"मावशी," मुंगी म्हणाली, "तू तो शब्द त्यांना का दिलास?"

बाईंना उत्तरे सुचली. ती सगळी परिच्छेदाच्या लांबीची होती.

"आधी आम्ही सगळेच म्हणायचो. गणिताच्या तासाला तर अर्ध्या वर्गाला कसंतरी व्हायचं. सर म्हणायचे, जा रे बाबांनो, गॅलरीत उभं राहून या. आता म्हटलं की दप्तर भरतात."

"कोण भरतं?"

"कुणीही. माझं सरांनी भरलं. डबा उलटा ठेवला. सगळी वही तेलकट झाली." तिने वही वर काढून दाखवली आणि पुन्हा ठेवली. "आणि मागून पोरं हळूच म्हणत होती, तिसरी यादी, तिसरी यादी. मी म्हणणार नव्हते, मावशी. चुकून तोंडातून गेलं. आधीसारखं."

"पण होत होतं ना? खरं सांग."

"हंहं-ताईसारखं तोंड करून विचारू नकोस."

बाईंनी तोंड बदलण्याचा प्रयत्न केला. चेहऱ्याचे स्नायू आपल्या आज्ञेत नाहीत हे त्यांना नवीनच होते. "बरं. मावशीसारखं विचारते. मुंगे, होतं का गं?"

"होतं. येतं नि जातं. पण वर्गात असले ना की शेजारची ढोली सारखी काहीतरी बडबडत असते. म्हणते, तुझं नाक आज मोठं दिसतंय. म्हणते, आपण दोघी मिळून एकच प्रयोगवही करू आणि सरांना सांगू की आम्ही जुळ्या आहोत. मग ते कंटाळून निघून जातं." तिने दाराकडे पाहिले आणि आवाज बारीक केला. "मला घरी नको पाठवू देऊस. मी घरी बसले तर ते पण माझ्याबरोबर घरी बसेल. तीन आठवडे. आणि तू दिवसभर कोशात."

'कोशात' या शब्दावर श्लेष साधण्याचे वय तिचे नव्हते, हेतूही नव्हता. तरीही बाईंना सुरवंटाभोवतीचा तो दुसरा कोश दिसला, मऊ, बंद, आतून आपल्याच लाळेने विणलेला. दोन वर्षे ही मुलगी त्यांच्या घरी संध्याकाळी दार उघडत होती, त्यांच्यासाठी पाणी ठेवत होती, आणि बाई कोशाच्या पानांच्या गठ्ठ्यामागून "कशी आहेस?" असे विचारत होत्या. ती "ठीक" म्हणत होती. आईचा शब्द मुलीकडे वारसाने आला, यात व्युत्पत्तीच्या दृष्टीने नवल असे काहीच नव्हते. आज, आणि तेही चुकून, तिने दुसरा शब्द उच्चारला, तर तो शहाण्या माणसांनी आधीच पकडून, खूण करून, सापळ्याच्या तोंडाशी ठेवलेला निघाला. आणि ठेवणाऱ्यांत सर्वांत शहाणे कोण होते, तेही उघड होते. बाईंना राग आला. तो नेहमीसारखा थंड, नीट मांडणी असलेला, उपमुद्द्यांसकट आला. मुख्याध्यापिकेसमोर जाऊन काय बोलायचे याची वाक्ये त्यांच्या मनात आपोआप रांग धरू लागली : नियम आणि करुणा, संस्थेची भीती आणि मुलाचे भय, वगैरे. वाक्ये फार चांगली होती. अशीच चांगली वाक्ये त्यांनी त्या लांबट टेबलापाशी उच्चारली होती, आणि त्यांतले एक आता प्रशिक्षणात पाठ करून घेतले जात होते. रांगेतल्या वाक्यांना त्यांनी एकेक करून परत पाठवले.

समुपदेशिका आत आली. तिने दार लावले, मग पुन्हा उघडून बाहेर कुणी नाही ना ते पाहिले, आणि खुर्चीत न बसता टेबलाला टेकली. "मॅडम, मी हे बोललेच नाही असं समजा. पहिल्या यादीत शारीरिक तक्रारी आहेत. डोकं, पोट, ताप. त्यात मूल आजारी-खोलीत पडतं आणि बरं वाटलं की वर्गात जातं. आता हा शब्द... म्हणजे माणसं पोटासाठी पण वापरतातच ना? मळमळलं की? तिनं जर त्या अर्थानं वापरला असेल, तर मोठ्या बाई ऐकतील. पण मी सांगून उपयोग नाही. अधिकारानं सांगायला हवं कुणीतरी."

"म्हणजे मी."

"तुमच्यापेक्षा अधिकार कुणाला आहे?"

"आणि मग तुम्ही हिच्याशी बोलणार? वर्गात परत गेल्यावर?"

समुपदेशिकेने रुमालाकडे पाहिले. "पहिल्या यादीतली मुलं माझ्याकडे येत नाहीत, मॅडम. माझ्याकडे तिचं नावच राहणार नाही. पोटदुखीशी मला बोलता येत नाही." मग ती मुंगीकडे वळली आणि पुस्तिकेत नसलेल्या आवाजात म्हणाली, "सॉरी गं."

"असू दे," मुंगी म्हणाली. मोठ्या माणसांना धीर देण्याची तिला सवय दिसत होती.

तिघी कार्यालयात शिरताच मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. "या, या! अहो, पुस्तिकेच्या मातोश्री आमच्या दारी! आणि निमित्त बघा काय. मी म्हटलंच, माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते काही खोटं नाही." बोलून झाल्यावर म्हणीचा पहिला अर्धा भाग त्यांच्या कानावर आला असावा, कारण त्यांनी घाईने मुंगीला बसायला सांगितले. खोलीत ढाली होत्या, चषक होते, आणि खिडकीतून मैदानाचा एक तुकडा दिसत होता, ज्यावर कुणीही नव्हते. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात औषधांच्या गोळ्यांची पाकिटे दिसत होती, आणि बोलताना त्या पुन्हा पुन्हा मुंगीकडे पाहत होत्या, जणू ती आत्ता काहीतरी करील आणि ते त्यांच्या कार्यालयात होईल. या इमारतीत सगळ्यांनाच कसंतरी होत होते, आणि कुणालाही म्हणायची सोय उरलेली नव्हती. "माझा नाइलाज आहे हो," त्या म्हणाल्या. "उद्या काही कमी-जास्त झालं तर पहिला फोन मलाच येतो. शब्द वापरला म्हणजे वापरला. आता तो कोणत्या अर्थानं वापरला, हा प्रश्न आहे असं आमच्या समुपदेशिका म्हणतायत. तुमचं काय मत?"

"मावशी म्हणून की कोशकार म्हणून?"

"कोशकार म्हणूनच. मावशीचं मत मला कागदावर कसं घेता येईल?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मुंगी त्यांच्याकडे पाहत होती, आणि त्या नजरेत विनवणी नव्हती. तिथे फक्त कुतूहल होते, गारुड्याच्या पेटाऱ्यातून आता काय निघते ते पाहणाऱ्याचे. "या शब्दाचा मूळ अर्थ जठराशी संबंधित आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज सपाट आणि सुंदर लागला होता. "अन्न नीट न पचल्याने पोटात होणारी अनिश्चित हालचाल, हा पहिला. जुन्या वैद्यकीय पोथ्यांत त्याच अर्थाने तो येतो. मनःस्थितीचा अर्थ लाक्षणिक आहे, बराच नंतरचा, आणि प्रौढ माणसांच्या बोलण्यातच प्रामुख्याने आढळतो. या वयाची मुले बहुधा पहिल्या अर्थानेच तो योजतात. 'होणे' या क्रियापदासह आल्यास तर निश्चितच." अशा पोथ्या नव्हत्या. असा क्रम नव्हता. पंचवीस वर्षांत त्यांनी एका मात्रेचेही खोटे केले नव्हते. ज्या अर्थाला दोन आधार सापडले नाहीत तो अर्थ त्यांनी पोटच्या गोळ्यासारखा आवडला तरी बाहेर ठेवला होता. आता वाक्ये एकामागून एक, संदर्भांसह, सरावाने बाहेर पडत होती, आणि खऱ्याखोट्यात उच्चाराचा काडीचाही फरक नव्हता.

"सकाळी काय खाल्लं होतं हिनं?" मुख्याध्यापिकांनी विचारले.

"शिळं," बाई म्हणाल्या.

"अगं बाई!" मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे खाली आले. समुपदेशिकेनेही श्वास सोडला. तिसरी यादी कुणालाच नको होती. पुरेशा पांडित्याने कुणीतरी खोटे बोलावे, याचीच सारी शाळा वाट पाहत होती. "मुलांना शिळं देऊ नये हो. तुम्ही विद्वान माणसं, घराकडे लक्ष नसतं." बाईंनी मान खाली घातली. खोट्या आरोपाच्या आडून खरा इतका नेमका आला की तो नाकारायला जागाच नव्हती. मुख्याध्यापिकांनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. "काय गं, आता बरं वाटतंय ना पोटाला?"

"हो, बाई."

"मग पळ वर्गात."

तिघी मार्गिकेतून गेल्या. मुंगी भिंतीला न चिकटता मधून चालत होती, दप्तर एका खांद्यावर. वर्गाच्या दाराशी ती थांबली, मावशीकडे वळली. बाईंना वाटले, ती आता विचारील : मावशी, खरंच झालं तर आता काय म्हणू? त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि तो प्रश्न त्यांना फार हवा होता. मुंगीने तो विचारला नाही. तिने मावशीच्या गळ्यातली पालकांची पट्टी उलटी झाली होती ती सुलटी केली आणि दार ढकलले. आतली सगळी डोकी दाराकडे वळली. विज्ञानाचे सर, हातात काचेची नळी धरून, जरा मागे सरले. "काय झालं होतं?" त्यांनी विचारले.

"पोट दुखत होतं, सर," मुंगी म्हणाली.

ती अडखळली नाही. आवाज खणखणीत होता, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. वर्ग एकदम सैलावला, कुणीतरी पोटाबद्दल काहीतरी बोलले, हशा झाला. खिडकीजवळच्या एका गुबगुबीत मुलीने बाकावरची स्वतःची वही उचलून जागा केली आणि मुंगी बसताक्षणीच तिच्या कानाशी लागून बोलू लागली. सरांनी नळी पुन्हा ज्योतीवर धरली. बाई दाराच्या काचेतून पाहत राहिल्या. वाक्य निर्दोष होते. कर्ता पोट, क्रियापद दुखणे, काळ भूत, म्हणजे संपलेले. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी घडवलेले, झिजून गुळगुळीत झालेले, कोणत्याही समितीच्या हाती न लागणारे वाक्य. ताईलाही ते येत असणार. आणि ज्या वाक्यात कुणीच कर्ता नव्हता, ज्यात नुसते काहीतरी होत होते आणि ते 'मला' होत होते एवढेच कळत होते, ते आत, दुसऱ्या रांगेत, ताठ बसून फळ्याकडे पाहत होते, आणि त्याला आता कुणी बोलवू शकत नव्हते.

"किती छान सांभाळलं तिनं!" समुपदेशिका हळूच म्हणाली. मग जराशाने, बाईंच्या जवळ येऊन : "मॅडम, पुढच्या महिन्यात सुधारित आवृत्ती निघतेय. सूचना मागवल्यात आमच्याकडून. मी लिहू का, की तो शब्द तिसऱ्या यादीतून काढावा म्हणून?"

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "आता तो कुणी वापरणार नाही."